डोमेन विकत घेताय? आधी मागचा मालक शोधा

काही वर्षांपूर्वी लिलावात मी एक पाच अक्षरी डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, घेतलं. नाव खात्यात आलं, दीड महिना त्यावर साइटही चालली. मग रजिस्ट्रारचा, म्हणजे नावांची नोंदणी करणाऱ्या कंपनीचा, मेल आला: नाव चोरीचं आहे, मूळ मालकाला परत करतोय. विकणाऱ्याचं खातं तोवर बंद झालं होतं, त्यामुळे पैसेही गेले. नंतर मूळ मालकिणीशी बोलणं झालं. चोराने तिचा मेल ताब्यात घेऊन नाव पळवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझा नंबर जुन्या साइटवर होता हो. घेण्याआधी एक फोन केला असता तर?"

तेव्हापासून किमतीचं बोलण्याआधी मी नावाचा इतिहास काढतो.

आरडीएपीवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी पाहायच्या सार्वजनिक सेवेवर, नाव टाकलं की नोंदणीची तारीख, शेवटच्या बदलाची तारीख, रजिस्ट्रार आणि स्टेटस दिसतं. मालकाचं नाव बहुतेकदा झाकलेलं असतं, तरी तारखा पुष्कळ सांगतात. पंधरा वर्षं एकाच रजिस्ट्रारकडे असलेलं नाव गेल्या महिन्यात हललं आणि लगेच विक्रीला आलं, तर थांबा. साइटांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनी साइट उघडा, संपर्काचं पान शोधा आणि तिथे फोन करा: "तुम्ही हे नाव विकलंत का?" विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर नव्हे, जुन्या पानावरच्याच.

विक्रेत्याला नावाच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या तांत्रिक नोंदींत, तुम्ही सांगाल तो टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक ओळ) टाकायला जरूर सांगा. पण त्याने फक्त ताबा सिद्ध होतो, मालकी नाही. ताबा चोराकडेही असतोच.

चोर घाईतच असतो असंही नाही. पर्ल डॉट कॉम हे प्रोग्रामरांच्या ओळखीचं नाव सप्टेंबर 2020 मध्ये पळवलं गेलं, असं नंतर उलगडलं. ते डिसेंबरपर्यंत हललं नाही, मग दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं आणि जानेवारी 2021 मध्ये 1,90,000 डॉलरला विक्रीला लागलेलं दिसलं. नोंदीत फेरफार झाल्यावर साधारणपणे 60 दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, हे चोरांनाही माहीत असतं. ते नाव आठवड्याभरात परत मिळालं, कारण त्याला ओळखणारे खूप होते. लहान संस्थेच्या नावामागे एवढी माणसं उभी राहत नाहीत.

पैसे एस्क्रोमधूनच, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या कंपनीमार्फतच द्या, पण कुठली एस्क्रो ते तुम्ही ठरवा. विक्रेत्याने पाठवलेली लिंक उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. आर आणि एन शेजारी आले की एम वाटतं, आणि बनावट साइट उभी राहायला तेवढं पुरतं. नाव तुमच्या खात्यात, तुमच्या नावावर आलं, ट्रान्सफर लॉक (नाव दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) लावला, मगच पैसे सोडायला सांगा. विकत असाल तर उलटं: पैसे जमा झाल्याचा मेल आला तरी स्वतः लॉगिन करून खात्री करा, तोवर ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा गुप्त कोड, कुणालाही देऊ नका.

विकणाऱ्यांना आणखी एक सापळा नेहमी भेटतो. अनोळखी माणूस भरघोस किंमत देऊ करतो, फक्त 'अमुक ठिकाणचं मूल्यांकन प्रमाणपत्र' मागतो. तुम्ही त्याची फी भरता आणि ग्राहक गायब होतो. फी घेणारी साइट त्याचीच असते. खऱ्या ग्राहकाला मूल्यांकन हवं असेल, तर तो स्वतःच्या खर्चाने करून घेतो.

लिलावात खोट्या बोल्या लागतात. 2009 मध्ये डोमेनचे लिलाव करणाऱ्या स्नॅपनेम्सने स्वतःच जाहीर केलं की आपला एक कर्मचारी 2005 पासून खोट्या नावाने बोली लावत होता. म्हणून कमाल आकडा आधी कागदावर लिहा आणि तो ओलांडू नका. "जिंकणारा मागे हटला, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो" असा निरोप आला, तर ती बोली चढवणारा कोण होता हे आधी विचारा. पटेल असं उत्तर मिळालं नाही, तर मी तिथेच सोडतो.

मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात जिंकल्यावरही जुना मालक सवलतीच्या काळात नूतनीकरण करून नाव परत घेऊ शकतो. ती फसवणूक नव्हे, त्याचा हक्क आहे. ती मुदत उलटेपर्यंत त्या नावावर लोगोही करून घेऊ नका.

खरेदी झाली की विक्रेत्याचे मेल, पावती आणि आरडीएपीच्या त्या दिवशीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. रजिस्ट्रारच्या खात्याला आणि त्या खात्याला जोडलेल्या मेललाही दुहेरी पडताळणी लावा. त्या बाईंचं नाव गेलं होतं ते मेलमधूनच.