सुट्ट्यांच्या धावपळीआधी काढायची एक शांत दुपार

सुट्ट्या जवळ आल्या की खरेदी, प्रवासाची बुकिंग, भेटवस्तू आणि देणग्या हे सगळं एकदमच अंगावर येतं. भामटे याच दिवसांची वाट बघत असतात. एरवी ‘तुमचं पार्सल अडकलंय’ असा मेसेज आला तर आपण तो पुसून टाकतो. पण खरोखरच तीन पार्सलं यायची असतील, तर बोट आपसूक लिंकवर जातं. फसलेल्या माणसाला लोक भोळा म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. मी पाहिलेली बहुतेक माणसं हुशार होती, फक्त त्या क्षणी घाईत होती. म्हणून धावपळ सुरू होण्याआधी एक दुपार मोकळी काढा आणि पुढची कामं उरकून घ्या. ऐनवेळी ठरवायची पाळी यायला नको.

आधी पैशाचं बघा. ऑनलाइन खरेदीसाठी एकच कार्ड ठरवा आणि शक्यतो ते क्रेडिट कार्ड असू द्या. डेबिट कार्डाने गेलेले पैसे थेट तुमच्या खात्यातून जातात. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर मात्र बँकेकडे हरकत नोंदवता येते आणि तपास होईपर्यंत तुमची शिल्लक शाबूत राहते. ज्या खात्यात पगार किंवा बचत आहे, ते या खरेदीपासून लांब ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन व्यवहाराची मर्यादा कमी करा, परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद करा आणि प्रत्येक व्यवहाराची सूचना लगेच येईल अशी सोय करून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग ईमेल. बँकेइतकंच ते महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. ज्याच्या हाती तुमचा ईमेल, त्याच्या हाती बाकीच्या किल्ल्या. ईमेलला दुसरीकडे कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही सेटिंग्जमध्ये जाऊन सहा आकडी पिन लावा. ओळखीच्याच माणसाच्या खात्यावरून ‘चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड गेलाय, जरा पाठव ना’ असा मेसेज आला, तर समजा की त्याचं खातं आधीच चोरीला गेलंय आणि आता तुमची पाळी आहे. कोड चुकून आलेला नसतो. कोणीतरी तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू करायला बसलेलं असतं.

आता एक कागद घ्या. कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर, विमा कंपनीचा, प्रवास कंपनीचा आणि तुमच्या भागातल्या सायबर तक्रारीचा नंबर त्यावर हाताने लिहा. इतकं जुन्या वळणाचं काम कशाला, असं वाटेल. पण पार्सल आलं नाही की आपण घाईघाईने ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधतो, आणि शोधात वर दिसणारे नंबर कित्येकदा भामट्यांनीच पेरलेले असतात. तिथे फोन केला की गोड आवाजात एखादं अ‍ॅप टाकायला सांगतात. त्या अ‍ॅपमधून त्यांना तुमची स्क्रीन दिसते, कधी फोनच त्यांच्या ताब्यात जातो. परतावा मिळवायला कुठलंही अ‍ॅप टाकावं लागत नाही. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. हे तीन ‘नाही’ त्याच कागदावर लिहा.

मेसेज वाचायची सवय मात्र आधीच करावी लागते. गेल्या सुट्टीत माझ्या मावशीला मेसेज आला : पत्ता अपुरा असल्यामुळे पार्सल परत जातंय, नाममात्र शुल्क भरा. तिचं पार्सल खरोखरच यायचं होतं. मी शेजारी बसून लिंक न उघडता तो पत्ता तिला वाचून दाखवला. सुरुवातीला कुरिअर कंपनीचं नाव अगदी बरोबर होतं, मग टिंब, मग ‘डिलिव्हरी’, आडवी रेघ, ‘अपडेट’ आणि मग भलताच शेवट. वेबपत्ता वाचताना सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे यायचं. त्या रेघेच्या लगेच आधी, ‘.com’ किंवा ‘.in’ सारख्या शेवटाला जोडून जे नाव असतं, तेच खऱ्या मालकाचं. त्याच्याही डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतं. मावशी म्हणाली, “अगं, पण पैसे तर किती थोडे मागितलेत!” थोडे मागतात ते मुद्दाम. त्यांना ते शुल्क नको असतं. ते भरताना तुम्ही जो कार्ड नंबर आणि ओटीपी टाकता, तो हवा असतो. आम्ही मेसेज तसाच सोडला आणि तिने ज्या अ‍ॅपवरून वस्तू मागवली होती तिथे जाऊन पाहिलं. पार्सल ठरल्याप्रमाणे वाटेत होतं, पत्त्याची काही तक्रार नव्हती.

आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या ओळीतच खोटा मेसेज येऊन बसू शकतो, कारण पाठवणाऱ्याचं नाव बनावट लावलं की फोन दोन्ही एकाच ठिकाणी दाखवतो. काही ब्राउझरमध्ये वेबपत्त्यापाशी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. 2015 पासून लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून त्यासाठीचं प्रमाणपत्र कोणालाही फुकट मिळतं. वाटेत कोणी माहिती वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही.

प्रवासाच्या बुकिंगला जरा जास्त वेळ द्या, कारण रक्कम मोठी असते आणि घोटाळा उघडकीला येतो तो बॅगा घेऊन दारात उभं राहिल्यावर. राहण्याच्या जागेचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तेच फोटो दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने दिसले तर विषय संपला. मालक ‘अ‍ॅपबाहेर पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ म्हणाला तरीही विषय संपला. सगळ्यात फसवा प्रकार याहून वेगळा आहे. हॉटेलचं बुकिंग साइटवरचं खातंच चोरीला जातं, आणि तुमच्या खऱ्या बुकिंगच्या चॅटमध्ये, खऱ्या तारखांसह मेसेज येतो की कार्ड पुन्हा पडताळा नाहीतर बुकिंग रद्द होईल. अशा वेळी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा आणि तोंडी विचारा. निघायच्या तारखा आणि तिकिटांचे फोटो परत येईपर्यंत कुठेही टाकू नका.

भेटकार्डांबद्दल थोडक्यात. दुकानातून घेताना मागचा खरवडायचा भाग कोणी आधीच उघडलेला नाही ना, ते पाहा. कर, दंड, वीजबिल किंवा जामीन यांपैकी काहीही भेटकार्डाने भरायला सांगणारा माणूस चोरच असतो. देणगी द्यायची तर मेसेजमधल्या लिंकवरून देऊ नका, संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करा.

घरच्यांसोबत बसून एक शब्द ठरवा. आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून एखाद्याचा आवाज हुबेहूब बनवता येतो. आजीला नातवाच्या आवाजात फोन येतो, तो रडत असतो, अपघात झालाय म्हणतो आणि ‘आईबाबांना सांगू नकोस’ अशी विनवणी करतो. आजीचं काळीज लक्कन हलतं आणि ते हलणारच, त्यात तिची काही चूक नाही. म्हणून तिला आधीच सांगून ठेवा : शब्द विचारायचा, फोन ठेवायचा आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावायचा. शब्द साधा असावा आणि कुठल्याही मेसेजमध्ये लिहिलेला नसावा.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. कागदावरचा बँकेचा नंबर त्याच मिनिटाला लावा आणि कार्ड व खातं गोठवायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. मग सायबर तक्रार नोंदवा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येण्याची शक्यता असते. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे हा फोन बहुधा त्याच टोळीचा किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेल्यांचा असतो. तो तिथेच ठेवून द्या. आणि घरात कोणी असं काही सांगायला आलं, तर ‘तुला कळलं कसं नाही’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. तो कागद त्याच्या हातात द्या आणि नंबर लागेपर्यंत शेजारी बसून राहा.