कथा-कादंबरी टोपणनावाने लिहायची का? ठरवायचं कसं

लिहायला लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "टोपणनाव काय घेऊ?" आणि खरं तर हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे, आधी टोपणनाव लागतंय का तेच बघायला हवं. त्यासाठी खालच्या पायऱ्या, जमलं तर याच क्रमाने करा.

पायरी 1 : कोणापासून लपायचंय ते लिहून काढा

"लोक काय म्हणतील" असं मोघम नको. सासरे, हेडमास्तर, गावची भावकी, ऑफिसचा साहेब, का फेसबुकवरचे अनोळखी लोक, जे असेल ते स्पष्ट लिहा. कारण टोपणनाव अनोळखी लोकांपासून झकास लपवतं, पण ओळखीच्यांपासून फारसं नाही.

अनोळखी लोकांचा त्रास हे कारण असेल तर ते अगदी पटण्यासारखं आहे. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा विभावरी शिरूरकर या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या आणि शिकलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही बाई कोण म्हणून केवढा गदारोळ उठला होता. आजही बाईने लग्नाबद्दल, शरीराबद्दल मोकळं लिहिलं की इनबॉक्समध्ये काय काय येतं ते बायकांना सांगायला नको. आडनावावरून जात आणि गाव काढून मगच कथा वाचायला घेणारे वाचकही आपल्याकडे आहेत, त्यांना चुकवायचं म्हणून कोणी आडनाव गाळलं तर मला ते शंभर टक्के मान्य आहे.

"कथा फसली तर हसतील" एवढंच कारण असेल तर मात्र राहू द्या. हसायला आधी कोणीतरी ती वाचायला हवी ना!

पायरी 2 : घरच्यांची परीक्षा घ्या

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त कामाची हीच आहे. समजा तुमच्या कथेत एक काकू आहे, ती कोठीच्या खोलीची किल्ली पदराला बांधते, रोज संध्याकाळी नारळ मोजते आणि एक कमी भरला की कोणालाही न विचारता धाकट्या सुनेकडे बघते. आता खाली नाव काहीही छापा, तुमची चुलत बहीण तिसऱ्या ओळीला फोन करणार, "अगं ही तर आपली मोठी काकू!" म्हणून कथेची प्रिंट काढा, नाव न घालता विश्वासातल्या एका नातेवाइकाला वाचायला द्या आणि कुठे ओळख पटली तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. दोन-तीन खुणा असतील तर नारळाच्या जागी दुसरं काहीतरी आणा, सुनेची नणंद करा, गाव बदला. पानभर खुणा असतील तर टोपणनावाने काही होणार नाही, कथाच पुन्हा लिहावी लागेल नाहीतर घरच्यांशी बोलून घ्यावं लागेल.

आणि बदनामीचा दावा टोपणनावाने टळतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, प्रकाशकाकडे तुमचं खरं नाव असतंच आणि कोर्टाने मागितलं की ते द्यावं लागतं.

पायरी 3 : नोकरीचे नियम काढून वाचा

सरकारी नोकरीवाल्यांचा एक लाडका गैरसमज असतो, दुसऱ्या नावाने लिहिलं की चालतं. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 9 बघा, सरकारवर टीका स्वतःच्या नावाने, निनावी किंवा टोपणनावाने छापली तरी तो लागू होतो, तसं स्पष्टच लिहिलंय. राज्य सरकारवाल्यांनी 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम काढावेत, बँक आणि खासगी कंपनीवाल्यांनी आपापल्या सेवाशर्ती आणि अपॉइंटमेंट लेटर. निखळ कथा-कादंबरीला सहसा अडचण येत नाही, पण परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्या.

हे दुखणं जुनंच आहे. धनपत राय शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि नवाब राय नावाने लिहायचे, त्यांचा 1908 चा 'सोज़े वतन' हा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला आणि मग ते प्रेमचंद झाले. म्हणजे पहिलं टोपणनाव असूनही साहेबाने पकडलंच होतं.

पायरी 4 : दोन नावं झेपतील का

आपल्याकडे लपण्यासाठी नाही तर कामाची वाटणी म्हणून दोन नावं घ्यायची मोठी परंपरा आहे. कविता कुसुमाग्रजांची आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, कविता आरती प्रभूंच्या आणि कादंबऱ्या खानोलकरांच्या, गडकऱ्यांनी तर कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम घेतलं. तुम्ही मुलांच्या गोष्टी आणि अंगावर काटा आणणाऱ्या भयकथा दोन्ही लिहीत असाल तर अशी वाटणी बरी. फक्त आता प्रत्येक नावाला वेगळं पेज, वेगळा मेल, वेगळे वाचक सांभाळावे लागतात आणि एका नावाची पुण्याई दुसऱ्याला मिळत नाही.

लग्न झालेल्या बायकांना एक मधली वाट आहे, माहेरच्या नावाने लिहायचं. नाव खरंच असतं आणि सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच कोणाच्या लक्षात येत नाही.

पायरी 5 : अजून ठरत नसेल तर

टोपणनावावरून खऱ्या नावावर कधीही येता येतं, उलटं मात्र जवळपास अशक्य, कारण एकदा छापलेलं आणि गुगलला सापडलेलं नाव परत घेता येत नाही. त्यामुळे कारण दमदार आहे पण मन डळमळतंय, अशा वेळी टोपणनावानेच सुरुवात करा. मात्र ते किती जणांना सांगायचं तेही तेव्हाच ठरवा. जे. के. रोलिंगचं रॉबर्ट गॅलब्रेथ हे नाव 2013 मध्ये फुटलं ते वकिलामुळे, त्याने बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं आणि तिने ट्विटरवर!

पायरी 6 : नाव आणि कागदपत्रं

आता नाव निवडा. गुगल, फेसबुक, प्रतिलिपी, अ‍ॅमेझॉन सगळीकडे शोधून बघा, दुसरा कोणी लेखक त्या नावाचा नको. राजपत्रात नाव बदलायची काही गरज नाही.

करार, पॅन आणि बँक खातं खऱ्या नावाचंच राहतं, किंडलवरही अकाउंट खऱ्या नावाचं आणि पुस्तकावर टोपणनाव असं चालतं. करारात दोन्ही नावं लिहून घ्या, कारण कॉपीराइटचा हिशोब त्यावर फिरतो: लेखक कोण ते जाहीर असेल तर हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं, कधीच जाहीर झालं नाही तर पहिल्या प्रकाशनापासून 60 वर्षं. तिशीत छापलेल्या पुस्तकाला हा फरक सहज चाळीस-पन्नास वर्षांचा पडतो, म्हणून घरात निदान एका माणसाला करार कुठे ठेवलाय ते माहीत असू द्या.

दिवाळी अंकाला कथा पाठवताना मेलमध्ये सरळ लिहा: "कथेखाली आणि अनुक्रमणिकेत नाव अमुक छापावे, मानधन तमुक नावाने द्यावे, परिचयात गाव, नोकरी आणि फोटो देऊ नये." आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून तुमचं खरं नाव बसलेलं असतं, ते पाठवायच्या आधी काढा.