डब्लिनला नवीन आलात? आयरिश फुटबॉल शुक्रवारपासून सुरू करा

डब्लिनला नोकरीला किंवा शिकायला आलेली आपली मंडळी वीकेंडला टीव्हीवर इंग्लंडची प्रीमियर लीग लावून बसतात, आणि घराजवळच्या ग्राउंडवर दर पंधरा दिवसांनी फ्लडलाइट लागतात ते कशाचे हे वर्ष झालं तरी कळत नाही. माझंही पहिलं वर्ष तसंच गेलं.

आधी एक सांगतो, ऑफिसात फुटबॉल म्हणालात तर समोरचा बऱ्याचदा गेलिक फुटबॉल समजतो, त्यात बॉल हातातही घेतात, क्रोक पार्कला खेळतात तो. सरळ सॉकर म्हणा, घोळ होत नाही.

इथली लीग ऑफ आयर्लंड 1921 पासूनची आहे. सीझन फेब्रुवारी ते नोव्हेंबर, म्हणजे उन्हाळ्यात तिकडे इंग्लंडमध्ये सगळं बंद असतं तेव्हा इथे ऐन रंगात. वरच्या डिव्हिजनला 10 टीम, प्रत्येकीची बाकीच्यांशी चार-चारदा गाठ, एकूण 36 मॅचेस आणि बहुतेक शुक्रवारी रात्री पावणेआठला.

टीम निवडताना टेबल बघू नका, घर कुठे आहे ते बघा. टालाला राहत असाल तर शॅमरॉक रोव्हर्स, सगळ्यात जास्त वेळा लीग जिंकलेला क्लब, लुआस ट्रामची रेड लाइन पकडा. इंचिकोरला सेंट पॅट्रिक्स, ड्रमकॉन्ड्राला शेलबर्न. माझी टीम बोहेमियन्स, 1890 चा क्लब, मालक कोणी शेठ नाही तर मेंबर लोकच. त्यांचं डॅलिमाउंट पार्क फिब्सबरोला, दोन घरांच्या मधल्या बोळातून आत जायचं आणि एकदम समोर हिरवंगार ग्राउंड, पेले इथे खेळून गेलाय, 1980 ला बॉब मार्लीची कॉन्सर्ट झाली तीही इथेच! एकच काळजी घ्या, आयर्लंडची हिरवी जर्सी घालून तिथे जाऊ नका, हिरवा-पांढरा रोव्हर्सचा रंग आणि त्यांच्याशी हाडवैर. लाल-काळं घाला. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, गेटवर मिळेलच असं नाही, आणि छत्रीऐवजी टोपीचं जॅकेट न्या, छत्री उघडली की मागच्याला काही दिसत नाही.

डेरी सिटीचं नाव बघून गोंधळू नका, गाव नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत, पण क्लब 1985 पासून या लीगमध्ये. बाकी नॉर्दर्न आयर्लंडची लीग वेगळी, नॅशनल टीमही वेगळी.

आयर्लंडच्या नॅशनल टीमच्या मॅचेस अविवा स्टेडियमला, डार्ट लोकलने लान्सडाउन रोडला उतरलं की समोरच. शेजारी बसलेल्या एखाद्या काकांशी बोलायचं असेल तर 1990 चा वर्ल्ड कप काढा, 90 मिनिटांत एकही मॅच न जिंकता क्वार्टर फायनल गाठली होती. किंवा नोव्हेंबर 2025, बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध आयर्लंडच्या ट्रॉय पॅरटची हॅटट्रिक, तिसरा गोल अगदी शेवटच्या क्षणी. 2009 ला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या आँरीने हाताने बॉल अडवला, त्यावर गोल झाला आणि आयर्लंडचा वर्ल्ड कप हुकला, तो विषय मात्र त्यांनाच काढू द्या, अजून ताजा आहे.

आणि शुक्रवारी मैदानात सतरा-अठरा वर्षांची पोरं दिसतील ना, त्यांच्याकडे नीट बघा. ब्रेक्झिटनंतर अठराच्या आत त्यांना इंग्लंडच्या क्लबात जाता येत नाही म्हणून ती इथेच तयार होतात. सीमस कोलमन असाच स्लायगो रोव्हर्सला खेळायचा, 2009 ला इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने त्याला फक्त 60 हजार पाउंडांत नेला आणि पुढे तो आयर्लंडचा कॅप्टन झाला.