पाणी कुठे मुरते ते आधी पाहा : डागडुजीची मोटरहोम कशी निवडावी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनचा प्रवास स्वतःच्या मोटरहोममधून, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतून, करावासा वाटतो. नव्या गाडीची किंमत मात्र सहज एक लाख डॉलरच्या घरात जाते आणि बेत तिथेच राहून जातो. अशा वेळी पंधरा-वीस वर्षांची, डागडुजी मागणारी गाडी हा केवळ नाइलाजाचा पर्याय आहे असे मला वाटत नाही. नव्या मोटरहोमची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने घसरते. शिवाय नवी गाडी निर्दोष असतेच असेही नाही. २०२१ साली अमेरिकेतील कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही (मोटरहोम आणि मागे जोडून ओढायच्या राहत्या गाड्या) बाहेर पडल्या. तो विक्रम होता, पण त्या घाईत बांधलेल्या गाड्यांच्या तक्रारी त्यांच्या मालकांकडून आजही ऐकू येतात. जुनी गाडी घेणाऱ्याला तिचे दोष आधीच दिसू शकतात, फक्त ते कुठे शोधायचे हे ठाऊक हवे.

पहिली पायरी : पैशाचे दोन भाग करा

हातात असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नका. निदान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, कारण टायर, बॅटऱ्या, छताचे सीलंट (सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून भरलेला लेप) आणि इंजिनमधील सर्व द्रवपदार्थ बदलण्याचा खर्च जवळजवळ ठरलेलाच असतो. बहुतेक गाड्यांच्या मागच्या आसाला दुहेरी चाके असल्याने टायर एकूण सहा लागतात, हेही हिशोबात धरावे.

दुसरी पायरी : गाडीचा प्रकार ठरवा

बससारखी दिसणारी ती क्लास ए, व्हॅनमध्ये बसवलेली ती क्लास बी आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपण्याचा माळा असलेली ती क्लास सी. पहिल्यांदाच डागडुजीची गाडी घेणाऱ्याने फोर्डच्या ई-३५० किंवा ई-४५० सांगाड्यावरील क्लास सी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हाच सांगाडा मालवाहू गाड्यांना आणि रुग्णवाहिकांनाही वापरला जात असल्यामुळे तो जाणणारा मेकॅनिक आणि त्याचे सुटे भाग बहुतेक गावांत मिळतात. १९९०च्या दशकाच्या अखेरच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या ६.८ लिटर व्ही-१० इंजिनांत स्पार्क प्लगच्या छिद्राला आटे कमी असल्याने प्लग उडून बाहेर येण्याचा दोष आढळतो. त्याची दुरुस्ती झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.

तिसरी पायरी : ओल शोधा

या पायरीला घाई करू नये, कारण बाकी सगळे बदलता येते, पण कुजलेली भिंत बदलायची म्हणजे अर्धी गाडी उकलावी लागते. अनेक मोटरहोमच्या भिंती आणि छत लाकडी पट्ट्या, पातळ प्लायवूड आणि फायबरग्लास यांच्या थरांचे असतात. छतावरच्या एखाद्या भेगेतून शिरलेले पाणी त्या थरांतून वाट काढत भलतीकडेच उतरते. डाग दिसतो तिथे गळती असतेच असे नाही, हे कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

विक्रेत्याची परवानगी घेऊन शिडीवरून छत पाहा. झरोके, एसी आणि अँटेना यांच्या भोवतीचे सीलंट तडकलेले असेल तर ते दुरुस्त होण्यासारखे आहे. मात्र त्यावर जागोजागी सिलिकॉन थापलेले दिसले तर सावध व्हावे, कारण सिलिकॉनवर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही आणि इतकी घाईची मलमपट्टी कुणी उगीच करत नाही. मग गाडीच्या मागच्या कोपऱ्याला उभे राहून बाहेरच्या भिंतीवरून तिरपी नजर टाका. फुगवटे किंवा लाटा दिसल्या तर आतले थर सुटलेले आहेत असे समजावे.

आत शिरल्यावर आधी वास घ्या. उघड्या खिडक्या आणि सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट असेल तर दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जाण्याची तयारी ठेवा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, शौचकुपाभोवतीची जमीन आणि दाराजवळची पायरी अंगठ्याने किंवा टाचेने दाबून पाहावी. ओलावा मोजण्याचे साधे यंत्र फार महाग नसते, ते बरोबर न्यावेच. ओहायोमध्ये आम्ही पाहिलेली एक गाडी आतून इतकी नीटनेटकी होती की पत्नीने मनात पडद्यांचा रंगही ठरवला होता. माळ्यावरची गादी उचलून मी पुढच्या कोपऱ्यातले प्लायवूड दाबले, तर अंगठा चहात बुडवलेल्या बिस्किटात रुतावा तसा आत गेला. क्लास सी गाडीत माळ्याचा हा पुढचा कोपरा सर्वांत आधी कुजतो, म्हणून गादी उचलल्याशिवाय कोणतीही गाडी पसंत करू नये.

चौथी पायरी : सगळे चालू करून पाहा

भेटीच्या आदल्या रात्रीच फ्रिज सुरू करून ठेवायला सांगा, कारण मोटरहोममधला अमोनियावर चालणारा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो. तो विजेवर आणि प्रोपेन गॅसवर अशा दोन्ही प्रकारे चालला पाहिजे. मागच्या बाजूला पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा उग्र दर्प असेल तर तो निकामी झाला असे धरावे. इंजिन मात्र थंडच ठेवायला सांगावे. पोहोचताच बॉनेटला हात लावून पाहा. ते गरम असेल तर विक्रेत्याने गाडी आधी चालू करून काही झाकले आहे का, याची शंका घ्यायला हरकत नाही.

पाण्याचा पंप लावा, दाब आला की सर्व नळ बंद करा आणि पाच मिनिटे शांत बसा. पंप गप्प राहिला तर नळजोड ठीक आहेत. मध्येच क्षणभर घुरघुरला तर कुठेतरी पाणी झिरपत आहे. जनरेटरवर एसी अर्धा तास चालवावा. जनरेटरचे तास जास्त असण्यापेक्षा जुन्या गाडीत ते फारच कमी असणे मला अधिक खटकते, कारण पडून राहिलेल्या जनरेटरचा कार्बोरेटर शिळ्या पेट्रोलने चिकटतो.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावर विसंबू नये. बाजूवरच्या डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांपेक्षा जुने टायर बदलायचेच, हे भाव करतानाच बोलावे.

पाचवी पायरी : कागद वाचा

गावी जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर कुणाचा बोजा आहे का ते पाहतो, तसे इथे टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, पाहावे. त्यावर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का, सॅल्व्हेज (मोडीत काढलेली गाडी) किंवा पुराचा शिक्का आहे का आणि अक्षरे व अंक मिळून सतरा चिन्हांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे तपासावे. तोच क्रमांक रस्ता सुरक्षा यंत्रणा एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकला की सहसा गेल्या पंधरा वर्षांतले दुरुस्त न झालेले रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणे) मोफत कळतात. जुन्या पावत्यांची जाड फाईल ठेवणारा मालक भेटला तर चार पैसे जास्त द्यायलाही मी तयार असतो.

सहावी पायरी : कोणते दोष पत्करायचे ते ठरवा

विटलेले पडदे, फाटक्या गाद्या, बंद दिवे, मेलेल्या बॅटऱ्या, बिघडलेला पंप आणि जुने टायर हे दोष आनंदाने घ्यावेत, कारण त्यांची किंमत आधी मोजता येते आणि ती भावातून वजा करता येते. मऊ लागणारी जमीन, फुगलेल्या भिंती, आतून ठोकल्यासारखा आवाज करणारे इंजिन आणि मिशिगन-ओहायोकडच्या रस्त्यांवरील मिठाने पोखरलेला सांगाडा दिसला तर भाव कितीही उतरला तरी परत फिरावे. मन द्विधा असेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तपासनिसाला पैसे देऊन गाडी दाखवावी. काही खासगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या घेत नाहीत, तेव्हा आपण कुठे मुक्काम करणार याचाही विचार याच वेळी व्हावा.

गाडी दारात आली की पडदे आणि रंग यांना हात लावण्याआधी छताचे काम करावे. कोरड्या दिवशी जुने सीलंट खरवडून, जागा स्वच्छ करून, छताच्या प्रकाराला चालणारे नवे सीलंट भरावे. ते पूर्ण सुकल्यावर एकाने बागेच्या नळीने पाणी सोडावे, तेही खालच्या खिडक्यांपासून सुरुवात करून हळूहळू वर सरकत, म्हणजे गळती नेमकी कोणत्या उंचीवर सुरू होते ते कळते. दुसऱ्याने आत सगळी कपाटे उघडी टाकून, गाद्या बाहेर काढून, टॉर्च घेऊन कोपरान् कोपरा न्याहाळत बसावे.