आपल्या मागे घरच्यांना आपले फोन-ईमेल उघडता यावेत म्हणून

आधी कागदावर खात्यांची यादी करा: ईमेल, फोटो, बँका, डीमॅट, विमा, वीजबिल. तासाभरात होते.

जिथे सोय आहे तिथे माणूस नेमा. फेसबुकवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्या मागे खाते सांभाळणारा माणूस, नेमता येतो. त्याला तुमचे खासगी मेसेज दिसत नाहीत. आयफोनमध्ये असे पाचजण नेमता येतात, मात्र त्यांना मृत्यूच्या दाखल्यासोबत ‘ॲक्सेस की’ लागते; नेमताना फोन देतो तो हा कोड. ती छापून फाइलमध्ये ठेवा.

गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ३, ६, १२ की १८ महिने वापरात नसले की तुमच्या माणसांना कळवायचे, ते ठरवता येते. जास्तीत जास्त दहाजण नेमता येतात, आणि कोणाला काय द्यायचे हेही तुम्हीच ठरवता. मी तीन महिने निवडायला सांगते.

‘हे केले की झाले’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. म्हापशाचे माझे भावोजी गेले, तेव्हा त्यांचे हे सेटिंग मीच करून दिलेले होते. तीन महिने झाले, पाच झाले, भाचीला मेल येईना. भावोजींच्या फोनवर पहाटे साडेपाचचा गजर लावलेला होता. ताई तो फोन रोज रात्री त्यांच्या फोटोखाली चार्जिंगला लावायची आणि पहाटे गजर वाजला की उठून बंद करायची. फोन घरच्या वायफायवर चालू होता. अँड्रॉइड फोन असा चालू राहिला की गूगलच्या हिशेबी खाते वापरातच असते, त्यामुळे मुदत सुरूच होत नाही. तो फोन बंद करून ठेव, हे ताईला सांगणे मला फार जड गेले.

फोनचा पिन कोणालाच ठाऊक नव्हता. त्यात बाराव्यानंतर भाच्याने ‘आता कशाला रिचार्ज’ म्हणून सिम बंद केले होते. ओटीपी येण्याची वाटच संपली.

म्हणून माझा आग्रह आहे: फोनचा पिन कागदावर लिहा, पाकिटात घालून पाकीट चिकटवा आणि घरातल्या एकाला जागा दाखवा. पिन बदलला की कागदही बदला. सिम लगेच बंद करू नका. नव्वद दिवस न वापरलेले प्रीपेड सिम बंद होऊन तो नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. मृत्यूचा दाखला देऊन ते वारसाच्या नावावर करून घ्या. पिन माहीत नसेल, तर सिम साध्या फोनमध्ये घाला आणि मूळ फोन बंद ठेवा.

पासवर्ड मृत्युपत्रात लिहा, हा सल्ला मुळीच मानू नका. आपल्या गोव्यात मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, म्हणजे सरकारी निबंधकासमोर, होते. पासवर्ड बदलला की दर वेळी पणजीला धावणार आहात का?

पिन आणि ओटीपी हाताशी आहेत म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून यूपीआयने पैसे काढू नका. बँकेत नॉमिनी म्हणून रीतसर दावा करा. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, आणि जोडीदाराचा सामाईक मालमत्तेतला अर्धा वाटा त्याहून वेगळा. वाटणीवरून मतभेद असतील तर इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे कोर्टामार्फत मालमत्तेची यादी आणि वाटणी करून घेण्यासाठी, वकील गाठा.

पाकीट तयार झाले की एकदा घरच्यांच्या हाती फोन द्या, स्वतः बाहेर अंगणात बसा आणि त्यांना कागदावरून तो उघडू द्या. आमच्याकडे पहिल्या खेपेला माझा सात त्यांना एक वाटला.