आधी ग्रीन बघा, मग बंकर

गोल्फ शिकताना पहिले काही महिने टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) उभी राहिले की माझी नजर थेट बंकरवर, म्हणजे वाळूच्या खड्ड्यावर जायची. पांढरी वाळू दिसली की हात आवळायचे आणि बॉल नेमका तिथेच जाऊन पडायचा. वैतागून कोचने एक दिवस मला एक होल (टीपासून भोकापर्यंतचा पट्टा) उलटं चालवलं, ग्रीनकडून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडून टीकडे. सरावाच्या रेंजवर शेकडो बॉल मारून जे कळलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात कळलं.

टीवरून सपाट दिसणारं ग्रीन मागून पाहिलं तर चांगलंच कललेलं होतं. मागच्या उजव्या कोपऱ्यात पाणी ओतलं असतं तर ते पुढे डावीकडे वाहत आलं असतं. बंकर होता पुढे उजवीकडे. म्हणजे फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या) डाव्या कडेने यायचं. तिथून बंकर आडवा येत नाही आणि चढ समोर असल्यामुळे बॉल थांबतो. आणि त्या डाव्या कडेलाच आणखी एक बंकर! त्याला घासून जायची हिंमत केली तरच पुढचा फटका सोपा. आखणाऱ्याच्या मनात काय होतं ते तेव्हा उमगलं.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रयूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर 112 बंकर आहेत, पण चर्चा सतराव्या होलच्या एकाच बंकरची जास्त. तो ग्रीनच्या कुशीत शिरलाय आणि भोवतालची जमीन बॉलला त्याच्याकडे ओढते. 1978च्या ओपन स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा तिथे दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) घरंगळत त्या बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले आणि होल नऊ फटक्यांवर संपलं. ग्रीनवर पोचलो म्हणजे सुटलो, असं नसतं.

वाळूत सँड वेजने (वाळूसाठीच्या क्लबने, म्हणजे काठीने) बॉलला मारायचंच नाही. त्याच्या दोनेक इंच मागे वाळूत मारायचं, वाळूच बॉलला उचलते. नियम मात्र आधी वाचा. माझ्या पहिल्याच स्पर्धेत सराव म्हणून क्लब फिरवला, तो वाळूला टेकला, झाले दोन दंडाचे फटके. (2019पासून वाळूतली सुकी पानं उचलता येतात, तेवढाच दिलासा.) बाहेर पडल्यावर वाळूवर रेक (दाताळं) फिरवायचा, हे सांगायला नकोच.

ग्रीनवर नवखे लोक दिशेवर डोकं खपवतात. माझ्या मते आधी वेग. भोक सव्वाचार इंचांचं. जोरात आलेला बॉल त्याच्या काठावरून वळून निघून जातो, आणि वेगवान ग्रीनवर तोच उतार बॉलला जास्त वळवतो. उतार वाचायचा तर भोकाच्या खालच्या बाजूला जाऊन वाका, तिथून तो नीट दिसतो.

हल्ली फेरीआधी प्रॅक्टिस ग्रीनवर मी भोकाकडे बघतच नाही. लांबून तीन बॉल मारते, डोळे मिटून कुठे थांबले असतील ते मोठ्याने सांगते आणि मग बघते. परवा तिसऱ्या बॉलचा अंदाज वीतभरच चुकला.