कंपनी बुडायला लागल्यावर थांबायचं की निघायचं, हे ठरवायचं कसं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या युनिटची रात्रपाळी बंद झाली की लगेच सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं पटकन दुसरीकडं लाग, कुणी म्हणतं मालकालाच काढू दे, भरपाई तरी मिळंल. सांगणाऱ्यानं तुमची पगारस्लिप बघितलेली नसते. मी टॉवेलच्या युनिटांत पगारपत्रक आणि पीएफचं काम करत आलोय आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांसोबत बसून हा हिशोब मांडलाय, त्यामुळं ठाम सांगतो, आधी कागद बघा, मग ठरवा.

आधी खरंच बुडतंय का ते बघा

मंदी वेगळी आणि बुडणं वेगळं. ऑर्डर कमी झाली, चार माग बंद पडून राहिले, ओव्हरटाइम गेला, एवढ्यावर कुणी नोकरी सोडू नये. पगार आठवडाभर उशिरा झाला तरी नाही. मी पहिल्यांदा पीएफ बघतो. पासबुक उघडा, तुमच्या पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. लागोपाठ दोन-तीन महिन्यांची एंट्री नसेल तर मालक तुमचे पैसे वापरून दिवस ढकलतोय. ईपीएफओच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून कुठल्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती माणसांचा झाला हेही दिसतं, माणसांचा आकडा घसरत चालला असेल तर ते तिथं आधी कळतं, कँटीनमध्ये नंतर. तसंच बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, रिटर्न भरलेत का ते कुणालाही बघता येतं. आणि सूत आणणारा टेम्पो गेटवर थांबून आधी पैसे मागायला लागला तर बाजारात उधारी संपली म्हणून समजा.

सोडल्यावर काय जातं, काय राहतं

ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, फक्त कायम कामगाराची सलग पाच वर्षं पूर्ण पाहिजेत. दोन-चार महिने कमी पडत असतील तर कळ काढून थांबा. बोनससाठी दिवाळीपर्यंत अडकून बसायची गरज नाही, बोनस लागू असेल आणि वर्षात 30 दिवस काम भरलं असेल तर केलेल्या कामाचा हक्क सोडल्यानंही जात नाही.

जाते ती कपातीची भरपाई. कामगाराला कमी करायचं तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागं 15 दिवसांचा सरासरी पगार. तुम्ही स्वतः राजीनामा दिला की हे शून्य. पदाचं नाव सुपरवायझर असलं म्हणून लगेच हक्क सोडू नका, प्रत्यक्ष काम काय करता तेही बघितलं जातं.

ती भरपाई खरंच हातात पडेल का

सगळे इथंच अडकतात, आणि मलाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला लागला, कारण कायदा काय देतो हे कुठंही वाचायला मिळतं पण हा मालक देऊ शकतो का हे कुणी लिहून देत नाही.

समजा बेसिक-डीए 15,600 आणि नोकरी नऊ वर्षं. ग्रॅच्युइटी म्हणजे 15,600 भागिले 26 गुणिले 15 गुणिले 9, बरोबर 81,000, ती तशीही तुमची. भरपाई ढोबळ अर्ध्या महिन्याच्या हिशोबानं 70,200 आणि नोटीसचा एक पगार, मिळून 85,800. आता पगारच थांबला असेल तर साडेपाच महिने बिनपगारी बसलात की तेवढेच पैसे तुमच्या खिशातून गेले, आणि थकलेला पगार सुद्धा त्याच मालकाकडं अडकला. म्हणून माझं मत पक्कं आहे, दोन पगार थकले आणि पीएफही थांबलं तर भरपाईच्या आशेवर थांबू नका. उलट पगार वेळेवर येतोय, पीएफ भरलं जातंय आणि फक्त माणसं कमी करायची चर्चा आहे, तर राजीनामा अजिबात देऊ नका.

अजून दोन गोष्टी तपासा. ग्रॅच्युइटीचा पैसा एलआयसीच्या ग्रुप स्कीममध्ये ठेवलाय का ते अकाउंट्समध्ये सरळ विचारा, ठेवला असेल तर तो मालकाच्या गल्ल्याबाहेर आहे. आणि स्थानिक पेपरात बँकेची ताबा नोटीस येते, ती रोज चाळा. कारखान्याची जागा, माग तारण असतील तर बँक आधी तिथं हात घालते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कामगारांच्या 24 महिन्यांच्या देण्याला बँकेच्या बरोबरीचा मान आहे, पण पैसा यायला वेळ लागतो आणि घरभाडं तेवढं थांबत नाही. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या याच गावात बंद पडल्यात, ज्यांच्या घरात गिरणीकामगार होता त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मालक म्हणेल, "तुम्हीच राजीनामा लिहून द्या, हिशोब मागनं करू." सही करू नका. किती वर्षांची ओळख असली, शेठ कितीही भला माणूस असला तरी नको. आकडा आणि तारीख कागदावर आली की मग बघू म्हणायचं. कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'सर्व देणी मिळाली' असं लिहिलेल्या कागदावर पैसे हातात पडल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही.

तारीख ठरवा

घरात बसून एक तारीख पक्की करा, तोपर्यंत पीएफ आणि पगार आला नाही तर निघायचं. नवीन नोकरी मात्र आजपासूनच बघा, चिंचोळी एमआयडीसी असो नाहीतर पुणे. पुण्याच्या पगारातून खोलीभाडं, मेस आणि शनिवार-रविवारचं येणं-जाणं वजा करून मगच तुलना करा.

निघताना

राजीनाम्यातच लिहा की अमुक महिन्यांचा पगार आणि पीएफ बाकी आहे, पोच घ्या, ईमेलही टाका. पगारस्लिपा, फॉर्म 16, हजेरीचे फोटो आधीच घरी नेऊन ठेवा. ग्रॅच्युइटीचा अर्ज लेखी द्या, 30 दिवसांत पैसे द्यायला पाहिजेत, नाही दिले तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. पीएफवर सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता, त्यासाठी आधार आणि मोबाईल नंबर आत्ताच जोडून ठेवा, नंतर दुरुस्तीला कंपनीची सही लागली आणि ऑफिसला कुलूप असलं तर काम अडून बसतं.